रुखवतावरचं बोलणं

माझ्या तरुणपणी मला लग्नाची आमंत्रणं यायची ती माझ्या तोंडासाठी. रूपासाठी नव्हे. रूपाचा विषय माझ्या बाबतीत कुणी फारसा काढलाच नाही. सांगवीला तेव्हा नदीकाठानं वांग्याचे वाफे आणि उसाचे फड होते, आणि लग्नं दारातल्या मांडवात लागायची. नवरीकडच्या बाया रुखवत घेऊन नवऱ्याकडच्यांच्या पुढ्यात जायच्या, लाडू-करंज्यांच्या पाट्या मांडायच्या आणि एकेका पदार्थावर उखाणा म्हणत समोरच्यांची सालटी काढायच्या. समोरून उलटा उखाणा यायचा. ज्या बाजूचे उखाणे आधी संपतील ती बाजू हरली. मी ज्या बाजूला असायचे ती सहसा हरत नसे.

रुखवतावर ठेवला करंज्यांचा हारा,
व्याह्याच्या टकलावर पौर्णिमेचा पहारा,
कंदील विझवा बायांनो, खर्च वाचला सारा.

व्याही टकलावरून हात फिरवत हसायचा. मांडव हसायचा. मी घरी येऊन आरशात बघायचे, लढाई मारून आलेल्या सरदारणीसारखी. नाकावर घाम, दातात खोबऱ्याचा तुकडा, आणि गुर्मी अशी की जणू पुरुषांचं राज्य त्या दिवशी दुपारीच संपलं.

रुखवताचा एक नियम होता. त्यावरच्या बोलण्याचा राग धरायचा नाही. बोलून झालं की ज्याला बोललं त्यानंच बोलणारीच्या तोंडात लाडू घालायचा. लाडू खाल्ला की विषय मिटला. ते बोलणं मग मांडवाबाहेर न्यायचं नाही. सातवी शिकलेल्या माझ्यासारख्या शहाणीची समजूत अशी की हा नियम बायकांच्या सोयीसाठी केलेला आहे.

पुढं लग्न होऊन मी चाकणच्या बाजूला आले. सासरची जमीन एकामागून एक कंपन्यांना गेली. उरलेल्या तुकड्यावर माझ्या मुलानं पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्यानं दिल्या. नांगर धरणाऱ्या घरात आता पाण्याची मोटर कधी सुरू करायची यावर भांडणं होतात. माझी नात डिप्लोमा करून एका कंपनीत लागली. तयार झालेले पार्ट तपासायचं काम. त्याच कंपनीत पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेस मशीनवर काम करणारी, नातीच्याच वयाची एक मराठवाड्याची पोर आमच्या कडेच्या खोलीत राहायला आली. तिला तिथं लावलं होतं माझ्या पुतण्यानं. हा माझ्या दिराचा मुलगा. कंपनीला माणसं पुरवायचं कंत्राट त्याच्याकडे आहे. गळ्यात साखळी, दारात पांढरी गाडी, आणि गावातल्या कुठल्याही बैठकीत मधली खुर्ची त्याची.

दोघी पोरी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसायच्या. मराठवाड्याची पोर बादली पालथी घालून तिच्यावर बोटांनी ठेका धरायची आणि नात त्यावर भराभर बोलायची. ते रॅप, असं मला सांगण्यात आलं. मला आधी वाटलं दोघी भांडतायत.

एक दिवस त्यांनी मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. मागं कोसळलेली इमारत, सळया बाहेर आलेल्या. पुढं पंचविशीतली तीन-चार पोरं आणि मध्ये डोक्याला रुमाल बांधलेली एक पोरगी. हात असे झाडत होती, जणू अंगावर मुंग्या चढल्यात.

"ही कुठली?" मी विचारलं.

"पॅलेस्टाईनची," नात म्हणाली. "बातम्यांत रोज दाखवतात. तू तेव्हा सिरियल लावतेस."

खाली इंग्रजीत अर्थ येत होता, नात मला मराठीत सांगत होती. पहिलं कडवं नाक्यावरच्या सैनिकांना होतं. रोज सकाळी माझी पिशवी उचकून काय शोधता, त्यात माझा डबा आहे, असं काहीतरी. दुसरं कडवं तिच्याच काका-मामांना. घर पडलं तेव्हा तुम्हाला अब्रू आठवली नाही, मी गायला लागले तेव्हा बरी आठवली.

"अगं, ही तर रुखवत म्हणतीय!" मी म्हटलं.

दोघी हसून लोळायच्या राहिल्या. "ए म्हातारे," नात म्हणाली, "तिच्या गल्लीत बॉम्ब पडतायत आणि तुला लाडू दिसतायत?"

बरोबर होतं तिचं. त्या पोरांचं दुःख उचलून आमच्या ओट्यावर आमच्या दुःखाशेजारी बसवावं, एवढी माझी छाती नाही. पण मराठवाड्याची पोर हसायची थांबली आणि म्हणाली, "आज्जी, सैनिकाला कुनी बी बोलंल. ती घरच्याला बी बोलली. चुलत्याच्या तोंडावर बोलायचं म्हंजे लै झालं."

तो व्हिडिओ तिनं परत लावला. आणि परत.

मग उन्हाळ्यात तिचा हात प्रेसमध्ये गेला.

प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असला की मशीन खाली येत नाही. पण त्यानं काम हळू होतं, म्हणून सुपरवायझर तो बंद करून ठेवायचा. हे शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, सगळ्यांना ठाऊक. उजव्या हाताची बोटं गेली. नात तपासणीच्या टेबलावरून धावत पोचली तेव्हा त्या पोरीला बाहेर नेलं होतं आणि एक माणूस मशीन पुसत होता.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आमच्याकडे आला. माझ्या मुलाला बाजूला घेऊन म्हणाला, ती पोर काल कामावर नव्हतीच. खोलीच्या पत्र्याच्या दारात बोटं चेमटली. दार तुझं, खोली तुझी, कुणी विचारलं तर तू फक्त व्हय म्हण, बाकी मी बघतो.

माझा मुलगा व्हय म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत राहिला. आमच्या खोल्यांत राहणारे निम्मे कामगार पुतण्यानं पाठवलेले आहेत.

म्हणजे त्या पोरीचं मागणं एवढंच होतं: ती त्या दिवशी मशीनवर होती, हे कुणीतरी म्हणावं. पैसे, उपचार, पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर अडलेलं. शॉपमधल्या कुणाचंही तोंड उघडेना. दवाखान्यातून आल्यावर ती पोर ओट्यावर बसून डाव्या हातानं ठेका धरून बघायची. ठेका लंगडायचा. मग बादली उचलून नळाखाली ठेवायची, जणू पाणीच भरायचं होतं.

नातीनं गाणं केलं. दोघींनी मिळून. ओट्यावर उभं राहून फोनवर रेकॉर्ड केलं, मराठवाड्याच्या पोरीनं पट्टी सोडून हात पुढं धरला, आणि ते टाकून दिलं जगापुढं. सुरुवात अशी:

सेन्सर झोपवला, टार्गेट जागं,
जेवायची सुट्टी घड्याळाच्या मागं,
दारात चेमटली म्हणता? दाराला दात न्हाई,
दार कधी बोटं गिळून पार्ट देत न्हाई.

आणि दुसरं कडवं, त्या परदेशातल्या पोरीसारखं, घरच्यांना:

चुलता म्हणतो, ती कामावर नव्हती,
मग प्रेसवर लाल कुणाची ओढणी होती?
जमीन विकली तुम्ही, आम्ही विकला हात,
भावकीच्या पंगतीला कुणाचा हा भात?
पोरीनं घ्यायचं म्हणे फक्त नवऱ्याचं नाव,
मी घेते त्याचं, ज्यानं झाकला हा घाव.

नाव काही घेतलेलं नव्हतं. पण चुलता कोण हे गावात सांगायला लागत नाही.

पुतण्या परत आला. या वेळी खाटेवर ऐसपैस बसला, चहा मागितला.

"काकू, नात लई गाती म्हणं."

"गात न्हाई, बोलती. गायला घरात कुणालाच येत न्हाई."

"मग बोलायचं बंद कर म्हणावं. पयलं कडवं ऱ्हाऊ द्या, कंपनीला कोण बी शिव्या देतं. दुसरं काढायला लावा. पोराचं लगीन तोंडावर आलंय माझ्या."

"तुझं नाव कुठं हाय त्यात?"

"काकू, आता मला शिकवता का?" तो हसला. "तुमच्या नातीला स्थळ बघायचंय का न्हाई? भावकी मागं उभी ऱ्हायली तर बघायचं ना!"

नात आतून बाहेर आली. "काका, ती होती का नव्हती तेवढं सांगा. मी दोन्ही कडवी काढते."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्याकडे न बघता माझ्या मुलाला म्हणाला, "भाऊ, पोरीला जरा वळण लाव राव." आणि गेला.

आता माझं डोकं चाललं. ज्याच्या लग्नाचं तो बोलत होता त्या त्याच्या पोराला केलेली नवरी माझ्या सांगवीच्या भावाची नात. म्हणजे आम्ही दोन्ही मांडवांचे. रुखवताला आम्ही नवरीच्या बाजूनं उभं राहू शकत होतो, आणि समोर व्याही म्हणून पुतण्या बसणार होता. सगळी भावकी, कंपनीचे लोक, सरपंच, सगळ्यांसमोर. रुखवतावर व्याह्याला काय वाटेल ते बोलता येतं आणि त्याला राग धरता येत नाही! त्याच्या तोंडावर, माइकवरून, रीतीच्या आडोशानं. मला माझ्याच हुशारीचं असं कौतुक वाटलं की मी उभ्या उभ्या एक गिरकी घेतली आणि कंबर धरून बसले.

"आजी, हे भारी आहे," नात म्हणाली. मराठवाड्याची पोर म्हणाली, "म्या बी येते. त्याचं त्वांड बघायचंय मला."

लग्न चाकणच्या रस्त्यावरच्या एका लॉन्सवर होतं. आता रुखवत म्हणजे मांडून ठेवायची वस्तू झालीय. साखरेचा बंगला, थर्माकोलची बैलगाडी, लोक फोटो काढून पुढं जातात. मी उखाण्यांचा खेळ मांडायचा म्हटल्यावर माझ्या भावाच्या घरच्या बायांना आनंदच झाला. माइक आणला. मी आधी एक जुना उखाणा टाकला, लोक जमले. पुतण्या फेटा बांधून समोरच्या सोफ्यावर बसला होता. मग नात पुढं आली.

तिनं दोन्ही कडवी म्हटली. आवाज कापला नाही. मी तिच्या शेजारी उभी राहून टाळीवर ठेका धरला. दाराला दात न्हाई म्हटल्यावर पहिला हशा आला. मला वाटलं, कुठंतरी कोपऱ्यात कुणीतरी भलतंच हसलं असेल. भावकीच्या पंगतीला कुणाचा हा भात म्हटल्यावर शिट्ट्या आल्या. शेवटच्या ओळीला, मी घेते त्याचं, म्हणून तिनं पुतण्याकडे बोट केलं तेव्हा तर सगळं लॉन्स उसळलं. डीजेवाल्यानं मध्येच ढोल वाजवला.

पुतण्या सगळ्यांत जास्त हसला. डोळ्यांतून पाणी काढून हसला. उठला, माइक घेतला. "बघा, आमच्या भावकीच्या पोरी! हाय का कुणाच्यात असली? आणि मी मनावर घेतो का? रुखवताचं बोलणं हाय, आपली रीत हाय!" आणि पाटीतला मोतीचुराचा लाडू उचलून त्यानं नातीच्या तोंडात घातला.

नात तोंड मिटू शकली नाही, थुंकू शकली नाही. फोटोग्राफर म्हणाला, "काका, लाडू परत एकदा, इकडं बघून."

त्यानं परत एकदा घातला.

मराठवाड्याची पोर जेवणाच्या टेबलांपाशी उभी होती, ओढणीत हात गुंडाळून. मी तिच्याकडे गेले.

"आज्जी," ती म्हणाली, "समदे हसले."

"अगं, रीतच असती ती..."

"मला वाटलं, एक जण तरी गप बसंल."

लॉन्सवर शॉपमधली माणसं होती, तिच्या लाइनवरची. तो सुपरवायझर पण होता, गुलाबजामची वाटी घेऊन. जे ऐकवायला आलो होतो ते त्या सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि ऐकून झालं होतं.

मी आयुष्यभर समजत होते की मी मांडव पेटवत आले. मांडव शेकत बसलेला असायचा. वर्षातून चार दुपारी बायांनी बोलून घ्यावं, पुरुषांनी हसून घ्यावं, लाडवानं तोंड बंद करावं आणि मग वर्षभर घर सुरळीत चालावं, हा हिशेब कुणा बाईनं मांडला नसणार. आणि त्या सरदारणीला तो साठ वर्षं कळला नाही. आरशात बघायला वेळ होता, मागं वळून बघायला नव्हता.

पुढच्या आठवड्यात नात कामगार खात्यात अर्ज द्यायला निघाली. तिच्या बापानं दार अडवलं. भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांना पुतण्यानं आधीच पाठवून दिलं होतं. ते ओट्यावर बसून होते.

"पोरी, तू मांडवात बोललीस," एक जण म्हणाला. "त्यानं हसून घेतलं. त्याच्या हातचा लाडू खाल्लास. आता तेच भाईर न्यायचं म्हंजे रीत मोडली."

"तिची बोटं रीतीत बसतात का?" नातीनं विचारलं.

"आवाज खाली," माझा मुलगा म्हणाला.

तोवर लाडवाचा व्हिडिओ गावभर फिरला होता. तिच्या गाण्याखाली लोक तोच आणून चिकटवत होते. गाणं लावावं तर खाली काका-पुतणीचा लाडू. बघा, घरचाच मामला आहे, मजा चाललीय. आधी ज्यांनी शिव्या घातल्या होत्या ते सुद्धा आता हसरी तोंडं टाकत होते. शिव्या बऱ्या होत्या.

तो व्हिडिओ मराठवाड्यातही पोचला. तिथून त्या पोरीचा थोरला भाऊ आला. तो आमच्याशी वाईट बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. खोलीत जाऊन बहिणीचं सामान बांधू लागला.

"दादा, थांब की जरा. अर्ज देयाचाय," ती म्हणाली.

"कशाचा अर्ज? जगाला हात दाखवत बसलीस. आता कोन करंल लगीन? आई अन्न खाईना तिकडं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आज्जी, तुमचं बरं हाय. तुमच्या पोरीचं गानं झालं. आमच्या पोरीचा तमाशा झाला."

ती गेली. बादली मागंच राहिली, आता तिच्यात सून केरसुण्या उभ्या करते.

नातीनं मग जे केलं त्यात माझी हुशारी काडीची नव्हती, म्हणूनच बहुतेक ते जमलं. सकाळची पाळी सुटून दुपारची आत जाते त्या वेळेला ती कंपनीच्या गेटसमोर उभी राहिली. ठेका नाही, माइक नाही. ओळी म्हणाली, पण यमक सोडून, साध्या बोलण्यात. सेन्सर बंद होता. ती मशीनवर होती. तुम्ही बघितलंत. बसमधून उतरणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. कुणी हसलं नाही. सिक्युरिटीवाला "मॅडम, साईडला व्हा, माझी नोकरी जाईल" म्हणत होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, तोंडाला स्कार्फ बांधलेली एक चाळिशीची बाई गेटमधून आत जाता जाता थांबली. स्कार्फ खाली ओढला आणि म्हणाली, "व्हती. माझ्या शेजारच्या मशीनवर व्हती." आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्या बाईला गेटवरूनच परत पाठवलं. नातीचा गेटपास तर आधीच बंद झाला होता. त्या बाईनं नातीला शिव्या दिल्या नाहीत. आमच्या घरी येऊन ओट्यावर बसली आणि पाणी मागितलं. मग म्हणाली, "आता गेलंच हाय काम, तर लिहून बी देते." माझा मुलगा आत निघून गेला. पुतण्यानं आठवड्याभरात आमच्या सहा खोल्या रिकाम्या करवल्या. भावकीतली हळदीकुंकवाची आमंत्रणं थांबली. आम्हाला कुणी काही म्हणालं नाही. फक्त हाक मारायचं राहिलं.

नात आता दापोडीत राहते, रेल्वेच्या कडेला, दोन पोरींबरोबर. मोबाइलच्या दुकानात कामाला जाते. बापाशी बोलत नाही, माझ्याशी बोलते. मी तिला विचारलं, त्या पॅलेस्टाईनच्या पोरीचं नवीन काही आलं का?

"नाही," ती म्हणाली. "खूप दिवस काहीच नाही टाकलेलं तिनं."

"कंटाळली असंल."

"हो," ती म्हणाली. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की आपण खोटं बोलतोय.

नातीनं शेवटी कामगार खात्यात अर्ज दिला, आणि त्या बाईचा जबाब घेतला गेलाय. पण ज्या पोरीचा हात गेला तिनं स्वतः येऊन सांगायला हवं, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. तारीख पडलीय. भाऊ तिला सोडत नाही. फोन त्याच्याकडेच असतो. तेव्हा नात उद्या त्या पोरीच्या गावाला निघालीय, आणि मी पण येते म्हटलं. भाऊ नातीला उंबऱ्यावरून परत पाठवील, म्हातारीला तरी आत बसवून पाणी देईल. मग मी तिच्या आईशी बोलेन. काय बोलेन ते माहीत नाही. अन्न न खाणाऱ्या आईला, तुझी पोर परत त्याच गावात पाठव, हात पुन्हा लोकांसमोर धरू दे, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

पिशवी भरताना नात माझ्याकडे बघत होती.

"काय पुटपुटतीयेस?"

"काय न्हाई. जुळवतीये."

"जुळवू नको, आजी. आणि त्यांनी काही गोड दिलं तर आधी बोलून घे, मग खा."

"आणि त्यांनी न्हाई म्हटलं तर?"

ती पिशवीची चेन लावत राहिली. चेन अडकत होती.

"तर दुसऱ्या दिवशी परत विचारू," ती म्हणाली. "राहायचे कपडे घे."